खुर्चीला नाही म्हणण्याआधी

ठाणे

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अमेरिकेतल्या विद्यापीठात विभागप्रमुखपदासाठी तुला विचारलंय आणि तू नकार कळवायच्या बेतात आहेस, हे परवा फोनवर तू बोलता बोलता सांगून टाकलंस. मी त्या वेळी गप्प राहिले. तुला लॅबला निघायची घाई होती आणि मला जे म्हणायचंय ते पाच मिनिटांत मावणारं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. सावकाश वाच.

तुझी अडचण मला कळते. खपून उभी केलेली लॅब, नुकतीच पुन्हा मिळालेली ग्रँट, थिसिसच्या शेवटाला आलेले विद्यार्थी. अशा वेळी बजेट, खोल्यांची वाटणी आणि सहकाऱ्यांची भांडणं यांत कोण डोकं घालणार? "आई, मी शास्त्रज्ञ आहे, मला कारभार करायचा नाही," असं तू म्हणालीस. माझा वाद तुझ्या या वाक्याशी आहे.

कमलाबाई सोहोनींचं नाव आपल्या घरात तू लहानपणापासून ऐकलंयस. आईच बायोकेमिस्ट्री शिकवणारी म्हटल्यावर ते येणारच. त्या तेव्हा कमला भागवत होत्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीला पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, अर्ज केला. वडील आणि काका दोघंही तिथलेच विद्यार्थी. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीन वर्षं झालेले. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई त्यांच्या दारात ठाण मांडून बसल्या तेव्हा कुठे प्रवेश मिळाला, तोही अटी घालून. पहिलं वर्ष प्रोबेशन. संचालकांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही. आणि तिच्या असण्याने तिथलं वातावरण बिघडता कामा नये. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन असतं हे त्यांनी दाखवलं, आणि १९३९ मध्ये अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर पीएचडी मिळवून परत आल्या.

ही गोष्ट सांगताना सगळे कमलाबाईंच्या जिद्दीबद्दल बोलतात. ती होतीच. पण मला दरवेळी रामन यांच्या टेबलावरचा तो अर्ज दिसतो. त्यांच्यासारखा प्रतिभावान भौतिकशास्त्रज्ञ त्या दिवशी कुठलाही प्रयोग करत नव्हता, सही करायची की नाही एवढंच ठरवत होता. कमलाबाईंना धरणं धरता आलं. ज्या मुलींना ते शक्य नव्हतं, त्या पत्र वाचून घरी बसल्या असणार, आणि त्यांनी काय शोधलं असतं हे कुणाला कधीच कळणार नाही. ही सही म्हणजे कारभारच होता, मनू. विज्ञान कोण करणार हे तिथे ठरत होतं.

मुंबईला परतल्यावर कमलाबाईंनी इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्री विभाग सांभाळला, डाळींवर आणि नीरेवर काम केलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा उपयोग होतो हे त्यांच्या विद्यार्थ्यांसोबत त्यांनी दाखवलं. तरीही संचालकपद त्यांच्याकडे यायला काही वर्षांचा विलंब झालाच.

आता परळला ये. डॉ. वसंत रामजी खानोलकर तुला पॅथॉलॉजीच्या पुस्तकांतून माहीत असतील. लंडनहून एमडी करून आले, पुढे टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. आपल्या लोकांच्या सवयींतून होणारे कर्करोग त्यांनी बारकाईने पाहिले. धोतराची गाठ कमरेवर वर्षानुवर्षं घासून जिथे कातडी जाड होते तिथला कर्करोग, ओठाच्या आत खैनी धरल्यामुळे होणारा, आणि पेटतं टोक तोंडात ठेवून चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, ओढणाऱ्यांच्या टाळूचा. १९४५ सालच्या त्यांच्या निबंधात हे तिन्ही आहेत. मला तो निबंध फार आवडतो. माणसं कशी जगतात हे पाहिल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेचा अर्थ लागत नाही, हे त्यात पानोपानी जाणवतं. हेच खानोलकर १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

त्यांच्या हाताखाली पुण्याची एक मुलगी आली, कमल समर्थ, लग्नानंतर कमल रणदिवे. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेली. वडील स्वतः जीवशास्त्राचे प्राध्यापक. तिने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा, पण तिने वनस्पतिशास्त्र धरलं आणि तिथून पेशींकडे वळली. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये तिची पीएचडी झाली, आणि त्यांनीच तिला परदेशी जाऊन शिकून ये म्हणून प्रोत्साहन दिलं. ती बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेली. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी पेशी, म्हणजे हीला पेशी, ज्यांच्याकडे वाढल्या, तेच हे गाय. परत येऊन कमलताईंनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली, देशातली तशी पहिली. १९६६ ते १९७० त्या सेंटरच्या संचालक होत्या. १९७३ साली सहकारी मैत्रिणींबरोबर त्यांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन सुरू केली. वाशीला त्या संस्थेचं वसतिगृह आहे आणि पाळणाघरही. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर आयुष्य घालवलेल्या बाईला पाळणाघर हे आपलं काम वाटलं, याचा मला फार अभिमान वाटतो. प्रयोग करणारी मुलगी संध्याकाळी सहाला घड्याळ का बघते, हे ज्याला माहीत आहे त्यालाच अशी गोष्ट सुचते.

माझ्याच बाबतीत घडलेलं सांगते, तुला अर्धवट माहीत आहे. मी ज्या कॉलेजात होते तिथे विभागाचा जर्नल क्लब, म्हणजे नव्या शोधनिबंधांवर चर्चा करायची बैठक, संध्याकाळी साडेपाचला असायचा. पीएचडीला नाव नोंदवलेल्यांनी हजर राहणं सक्तीचं. तुला पाळणाघरातून आणायचं तर मला पाचची गाडी धरावी लागे. हजेरी भरत नाही म्हणून माझा अहवाल दोनदा अडकला. तेव्हाच्या प्रमुखांना मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, वेळ सगळ्यांना सारखीच आहे. त्यांच्यानंतर आलेल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात जर्नल क्लब दुपारी दोनला घेतला. चर्चा झाली नाही, समिती बसली नाही, खर्च शून्य. माझा थिसिस पुरा झाला तो त्या बदलामुळे. त्या बाईंच्या स्वतःच्या संशोधनाची आज कुणाला आठवण असेल की नाही, ठाऊक नाही. माझ्यासह त्या विभागातल्या बऱ्याच जणींच्या प्रबंधांत त्यांचा वाटा आहे.

हे सगळं आपल्याकडचं जुनं झालं, अमेरिकेत असं नसतं, असं तू म्हणशील. म्हणून शर्ली टिलमन यांच्याविषयी लिहिते. एमएस्सीच्या सेमिनारला तू त्यांचं एच-१९ जनुक घेतलं होतंस, आठवतंय? प्रथिन न बनवणारा आरएनए, आणि तोही फक्त आईकडून आलेल्या गुणसूत्रावरून तयार होणारा. बापाकडून आलेली प्रत गप्प. तू स्वयंपाकघरात मला ते समजावून सांगत होतीस आणि मी थक्क होऊन ऐकत होते.

टिलमन कॅनडाच्या. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन १९६८ मध्ये पदवीधर झाल्या, मग सिएरा लिओनला शाळेत शिकवायला गेल्या. पीएचडी फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातून. नंतर एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत फिलिप लेडर यांच्याकडे उंदराचं बीटा-ग्लोबिन जनुक क्लोन करण्याचं काम, ज्यातून सस्तन प्राण्यांच्या जनुकात मधेमधे इंट्रॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती नसलेले तुकडे, असतात हे स्पष्ट झालं. १९८६ मध्ये प्रिन्स्टनला. घटस्फोटानंतर दोन मुलं त्यांनी एकटीने वाढवली, आणि याच काळात जीनोमिक इम्प्रिंटिंगचं, म्हणजे आईबापांपैकी एकाकडचीच प्रत गप्प राहण्याचं, ते काम झालं. २००१ मध्ये प्रिन्स्टनला नवा अध्यक्ष हवा होता. निवड समितीत टिलमन सदस्य होत्या. इतर सदस्यांना वाटलं की आपल्याला हवी ती व्यक्ती याच टेबलावर बसली आहे. १७४६ साली स्थापन झालेल्या, पदवीच्या वर्गांत १९६९ पर्यंत मुलींना न घेतलेल्या विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. २०१३ पर्यंत राहिल्या.

पहिल्या महिला, पहिल्या महिला, हे वर्तमानपत्रांना पुरतं. मला त्यांनी बदललेला एक नियम महत्त्वाचा वाटतो. मूल झालं की टेन्युअरची, म्हणजे कायम नेमणूक मिळवण्याची, मुदत एक वर्षाने वाढवून मिळायची, पण ती मागावी लागायची. मागितली तर आपण कमी पडतो असं दिसेल, या भीतीने तरुण प्राध्यापिका मागायच्याच नाहीत. त्यांच्या काळात ती वाढ आपोआप मिळू लागली, आईला आणि बापालाही. अर्ज नको, विनंती नको. हा नियम कायद्याच्या विद्यार्थ्याने लिहिला असता तर कदाचित 'अर्ज केल्यास' असंच ठेवलं असतं. मुलं झोपल्यावर निबंध लिहिलेल्या बाईला 'आपोआप' या शब्दाची किंमत कळते. प्रोव्होस्ट या अध्यक्षांखालच्या शैक्षणिक प्रमुखपदी आणि अभियांत्रिकीच्या अधिष्ठातापदी त्यांनी बायका नेमल्या तेव्हा कुरकुर झाली. त्या डगमगल्या नाहीत.

आणखी एक, जे थेट तुझ्या दाराशी आहे. १९९८ साली टिलमन ज्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्ष होत्या, तिने अहवालात स्पष्ट लिहिलं की जीवशास्त्रात पीएचडी आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर तात्पुरत्या नेमणुकीवर संशोधन करणारे, जितके तयार होतात तितक्या जागा नाहीत, वाढ थांबवा. त्याच वर्षापासून २००३ पर्यंत एनआयएचचा निधी दुप्पट झाला, सगळ्यांनी लॅबा वाढवल्या, माणसं आणखी घेतली, आणि मग निधी थबकला. २०१४ मध्ये त्यांनी ब्रूस आल्बर्ट्स, मार्क कर्शनर आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्यासोबत पुन्हा तेच लिहिलं, अधिक कळकळीने: व्यवस्था कायम वाढत राहील या गृहीतावर उभी आहे आणि ती तरुणांना चिरडते आहे. विद्यार्थी कमी घ्या, पोस्टडॉकना नीट पगार द्या, लॅबमध्ये कायम नोकरीचे स्टाफ सायंटिस्ट ठेवा. तुझ्या लॅबमधला तो पोस्टडॉक, चाळिशीला आला तरी अजून स्वतःची ग्रँट नाही, बायको दुसऱ्या राज्यात, ज्याच्याविषयी तू दर महिन्याला मला काळजीने सांगतेस, त्याचं दुःख या अहवालात आहे. त्याच्यासाठी तू शिफारसपत्र लिहू शकतेस, आणि ते तू मनापासून लिहितेस. पण तुमच्या विभागात स्टाफ सायंटिस्टची जागा निर्माण करायची की नाही, हे प्रमुख डीनशी भांडून ठरवतो.

याची किंमत आहे, ती मी लपवत नाही. टिलमन यांना प्रयोगशाळा आवरती घ्यावी लागली. पद सोडल्यावर त्या पुन्हा शिकवायला गेल्या, पण बारा वर्षांत त्यांचा विषय किती पुढे गेला असेल याची कल्पना तूच कर. खानोलकर कुलगुरू झाले ते पासष्टीत. तुझं वय ते नाही आणि यकृताच्या पेशींचं तुझं काम अर्ध्यावर आहे. ते बंद पडलं तर मलाही फार वाईट वाटेल. शिवाय तुला विद्यापीठ चालवायला सांगितलेलं नाही, एक विभाग सांभाळायला सांगितलाय, तोही पाच वर्षांसाठी.

म्हणून होकार द्यायचा तर आधी अटी लेखी घे. तोंडी आश्वासनं डीन बदलला की उडून जातात. आठवड्यातले दोन पूर्ण दिवस लॅबचे, त्यांत बैठक लागणार नाही. तुझ्या लॅबसाठी एक अनुभवी स्टाफ सायंटिस्ट, त्याचा पगार विभागाच्या खात्यातून, तुझ्या ग्रँटमधून नाही. पाच वर्षांनी पद संपेल आणि त्यानंतर एक वर्ष अध्यापनातून सुटी. हे तुझ्यासाठी. आणि विभागासाठीही आत्ताच माग, कारण नेमणुकीआधी जे मिळतं ते नंतर मिळत नाही: पोस्टडॉकच्या पगाराची किमान पातळी, आणि विद्यापीठाच्या पाळणाघरात त्यांच्या मुलांना प्राध्यापकांच्या मुलांइतकंच स्थान. तिथली प्रतीक्षायादी किती लांब आहे हे तूच मला सांगितलं होतंस.

यातलं काहीच द्यायला ते तयार नसतील तर खुशाल नाही म्हण, मी एक शब्द बोलणार नाही. पण विचारल्याशिवाय नाही म्हणू नकोस.

तुझ्या बाबांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, आधी तुझी तब्येत, मग बाकी सगळं. त्यांना तू स्वतः फोन कर, माझ्याकडून ऐकलं की ते वाद घालतात. ग्रँटचा अहवाल पाठवून झाला की डीनची वेळ घे, आणि स्टाफ सायंटिस्टच्या पगारावर ते काय म्हणतात ते मला लगेच कळव.

तुझी,
आई