‘बीम दणकट केलाय’ एवढ्याने भागत नाही

महोदय,

इमारतींची संरचना तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. ‘साहेब, कॉलम खाली नेला नाही, पण बीम दणकट केलाय’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले. ते किती फसवे आहे, हे घर घेणाऱ्यांना कळावे म्हणून हे पत्र.

पायापर्यंत न जाता मधल्याच मजल्यावर बीमवर उभा केलेला खांब म्हणजे फ्लोटिंग कॉलम. खाली गाड्या वळायला जागा हवी असते, दुकानाला मोकळा गाळा हवा असतो किंवा वरचे मजले तळमजल्याच्या मीटर-दीड मीटर बाहेर काढायचे असतात. मग खांब अधांतरी राहतो. नुसते वजन पेलण्यापुरते हे गणित जमते. म्हणूनच अशा इमारती वर्षानुवर्षे उभ्या दिसतात आणि ‘कुठे काय झालंय?’ असे विचारता येते.

भूकंपाचे तसे नाही. जमीन हलली की प्रत्येक स्लॅबपाशी आडवा जोर तयार होतो. तो साठत साठत खाली येतो आणि तळमजल्याच्या खांबांवर सर्वांत जास्त पडतो. नेमके तिथलेच खांब आपण कमी केलेले असतात. शिवाय इमारत डुलताना कडेचे खांब कधी दाबले जातात, तर कधी वर ओढले जातात. अधांतरी खांबाचा हा जोर सरळ पायात न जाता बीमच्या मध्यावर किंवा बाहेर काढलेल्या बीमच्या टोकावर येतो. जमिनीचे उभे हादरे त्यात भर घालतात.

आता तो दणकट बीम. आरसीसी चौकटीत बीमपेक्षा खांब बळकट हवा. जोर अनावर झाला तर आधी बीमची टोके तडकावीत, तिथल्या सळ्या ताणल्या जाऊन भूकंपाची ऊर्जा जिरावी आणि खांब शाबूत राहून माणसे जिवंत बाहेर पडावीत, असा त्यामागचा विचार. वरचा खांब पेलण्यासाठी बीम खूप खोल केला की हा क्रमच उलटतो. बीम ढिम्म राहतो आणि खालचे खांब टोकांना मोडतात. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि तळमजला मोकळा असेल, तर जवळपास सगळी सरक त्या एकाच मजल्यात होते. खांब एकाच बाजूचे तोडले असतील तर इमारत पिळवटतेही.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये होते. तिथून २०० किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला मोकळा होता आणि बाहेर काढलेल्या मजल्यांचे कडेचे खांब अधांतरी होते. त्या शहराला भूकंपाचा मोठा धोका आहे असे तेव्हा फारसे कुणी मानत नव्हते, हे मला अजूनही अस्वस्थ करते.

आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत याबद्दल स्पष्ट लिहिले आहे: भूकंपाचा आडवा भार घेणाऱ्या मुख्य रचनेचा असा खांब भाग असेल किंवा तिला आधार देत असेल, तर तो निषिद्ध मानावा. तरीही नकाशे येतच राहतात.

परवानगी देणाऱ्या यंत्रणांना माझी विनंती आहे की प्रत्येक मजल्याचे खांब एकाच नकाशावर, एकावर एक दाखवणे सक्तीचे करावे. कुठला खांब खाली पोहोचत नाही, हे मग कुणालाही दिसेल. जुन्या इमारतींतील रहिवाशांनी संरचना अभियंत्याकडून संपूर्ण इमारतीची तपासणी करून घ्यावी. खाली पायासह नवा खांब देणे, शिअर वॉल (आडवा जोर घेणारी काँक्रीटची भिंत) किंवा पोलादी ब्रेसिंग (चौकटीतले तिरके आधार) घालणे, खांबांना जॅकेटिंग करणे म्हणजे बाहेरून नवे आवरण देऊन ते बळकट करणे, असे उपाय आहेत. मात्र एकाच खांबाला जॅकेट घालून काम संपवू नये, कारण एका जागेचा ताठरपणा वाढला की जोराची वाटणी बदलते आणि शेजारचा बीम किंवा पाया अडचणीत येऊ शकतो.

आपला,
एक निवृत्त संरचना अभियंता