आप्पा, आकडा पॉलिसीवरच छापलाय

लेस्टर, रविवार

तीर्थरूप आप्पांस,
सा. नमस्कार वि. वि.

छोटूने पाठवलेले फोटो पाहिले. मोहोळजवळ गाडीला एवढा अपघात होऊन तुम्ही आणि आई धडधाकट आहात, बाकी सगळं पत्र्याचं. आता पत्र्याचंच बोलू.

ड्रायव्हरच्या दाराचा फोटो नीट बघा. वरच्या अंगाला दार आणि गाडीच्या खांबामध्ये बोट जाईल एवढी फट आहे, खाली नखही शिरणार नाही. म्हणजे पुढचा खांब मागे सरकलाय. गॅरेजच्या ४,१०,००० च्या एस्टिमेटमध्ये या खांबाची ओळच नाही. गाडी न खोलता वरून दिसतं तेवढंच पहिल्या एस्टिमेटमध्ये येतं. रेडिएटरचा सपोर्ट, बोनेटखालचा लाँग मेंबर, वाकलेला खांब हे पुढचा भाग उतरवल्यावरच कळतं. शिवाय एअरबॅग उघडल्यात. त्यांच्यासोबत कंट्रोल युनिट, सीटबेल्टचे प्रीटेन्शनर आणि बहुतेक वेळा डॅशबोर्डही बदलावा लागतो. म्हणून विमा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेल्या सर्व्हेअरला ईमेल करा, की गाडी त्याच्यासमोर खोलावी आणि पुरवणी एस्टिमेट घ्यावं. फोनवर सांगितलेलं हवेत जातं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर ७५ टक्क्यांसाठी. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी ठरवलेली गाडीची किंमत, ६,३०,००० आहे. गाडी उचलून आणायचा आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ४,७२,५०० च्या वर गेला, की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात. खाली राहिला की दुरुस्ती, आणि तिथे घसारा, म्हणजे पार्ट जुने झाल्याची वजावट, लागतो. तीन ते चार वर्षांच्या गाडीला धातूच्या पार्टवर २५ टक्के, प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं नसेल तर ती वजावट तुमच्या खिशातून, आणि वर खांब ओढून सरळ केलेली गाडी. एक मेख आहे: काही कंपन्या हे ७५ टक्के गॅरेजच्या रकमेवर न मोजता घसारा वजा केलेल्या रकमेवर मोजतात. हिशोब कुठल्या आकड्यावर केला ते लेखी विचारा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागा.

टोटल लॉस ठरला की किमतीवर घासाघीस करायची नाही. इकडे इंग्लंडमध्ये विमा कंपनी अपघाताच्या दिवशीचा बाजारभाव देते, म्हणून लोक तशाच गाड्यांच्या जाहिराती गोळा करून भांडतात. तुमच्या पॉलिसीत तसं नाही. आयडीव्ही हीच वर्षभर बाजारभाव समजायची, आणखी घसारा लावायचा नाही, असं तिथेच छापलंय. "सेकंडहँडला आता साडेपाचच मिळतात, तेवढ्यावर सेटल करा" असं कुणी म्हणालं तर त्या कलमाचा फोटो उत्तरादाखल पाठवा, पुढे बोलू नका. इंजिन १५०० सीसीच्या आत आहे, म्हणून सक्तीची वजावट १,००० रुपये. प्रीमियम कमी व्हावा म्हणून ऐच्छिक वजावट घेतली असेल तर तीही जाईल. नसेल तर ६,२९,०००. दुसऱ्या पानावर रिटर्न टू इन्व्हॉइस लिहिलेलं असेल तर मात्र हा सगळा हिशोब बदलतो, बिलाची किंमत धरतात. आधी ते पान काढा.

खरं भांडण भंगारावर, म्हणजे मोडलेल्या गाडीच्या किमतीवर होतं. कंपनी त्याचा ऑनलाइन लिलाव करते. समजा १,४५,००० ची बोली आली, तर कंपनी म्हणेल आम्ही ४,८४,००० देतो, उरलेले भंगारवाल्याकडून घ्या. कागदावर बेरीज बरोबर आहे. पण आठवड्याने तोच माणूस होटगी रोडच्या गॅरेजमध्ये येऊन बॅटरी नाही, स्टेपनी नाही म्हणत १,१०,००० वर येतो, आणि फटका तुम्हाला. म्हणून दोनच पर्याय द्या: विमा कंपनीने भंगार घ्यावं आणि पूर्ण रक्कम द्यावी, किंवा बोलीदाराचं नाव, रक्कम, मुदत आणि तो फिरला तर फरक कंपनी भरेल हे लेखी यावं. आजच छोटूला गॅरेजमध्ये पाठवून बॅटरी, स्टेपनी, टेप, चारी चाकं आणि मीटरचा आकडा यांचे फोटो काढायला लावा.

आरसी तुमच्या नावावर ठेवून सांगाडा कुणालाही देऊ नका. आपल्या एमएच-१३ नंबरची चॅसिस प्लेट चोरीच्या गाडीवर बसली तर पोलीस तुमच्या दारात येतील. एकतर फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर करून द्या, नाहीतर आरटीओत नोंदणी रद्द करा. गाडी कायमची निकामी झाल्याचं चौदा दिवसांत कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्या. फास्टॅगही बंद करा, तो काढून दुसऱ्या गाडीला लावता येत नाही.

कर्ज बाकी आहे, म्हणून पैसे आधी बँकेला जातील, उरलेले तुम्हाला. कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील ते सांगणारं फोरक्लोजरचं पत्र बँकेकडून आताच मागवून ठेवा. क्लेम कितीतरी वेळा तिथेच अडकतो. गॅरेज रोजचं पार्किंग लावेल, ते कोण देणार हेही आधी विचारा. टोइंगचे पॉलिसीतून फक्त १,५०० मिळतात.

डिस्चार्ज व्हाउचरवर (क्लेमची रक्कम घेताना कंपनी सही घेते त्या कागदावर) सही केली म्हणून जादा मागायचा हक्क जात नाही, तरी सही करताना "आक्षेप राखून" असं लिहाच. सर्व्हेअरने रिपोर्ट १५ दिवसांत द्यायचा, त्यानंतर कंपनीने ७ दिवसांत निर्णय. टोलवाटोलवी झाली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याचा विमा लोकपाल, सोलापूर त्याच्याच हद्दीत येतं. फी नाही, वकील लागत नाही, पण एक वर्षाच्या आत जायचं.

दोन्ही चाव्या कपाटात ठेवा. पैसे जमा होईपर्यंत एकही हातची सोडू नका.

आईला नमस्कार.

तुमची,
सुमन