काकू, त्या रात्री तुम्ही खाली आलात म्हणून

प्रिय काकू,

समोर बोलायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सरळ लिहूनच टाकतेय आणि सगळ्यांना दिसेल असं टाकतेय.

ती रात्र आठवतेय ना? तुमच्या गांडूळखताच्या डब्यातली पाव किलो गांडुळं आणून माझा डबा सुरू करून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. झाकण उघडलं तर आतून सगळी गांडुळं झाकणाला चिकटलेली, काही फरशीवर सुकून मेलेली आणि वास तर असा की नाक धरावं लागलं. मला खरंच रडू आलं. साडेदहाला तुम्हाला फोन केला आणि पाच मिनिटांत तुम्ही जुन्या पेपरांचा गठ्ठा घेऊन दारात.

मला वाटत होतं त्यांना खायला कमी पडतंय म्हणून ती पळतायत, म्हणून मी अजून सालं टाकत होते. तुम्ही रागावला नाहीत, काही समजावलंही नाहीत, फक्त म्हणालात, "मूठभर उचल आणि पिळ." पिळलं तर बोटांमधून पाण्याची धारच लागली. "पिळून काढलेल्या स्पंजासारखं हवं गं, दाबलं तर एखाददुसरा थेंब, बस." गांडूळ कातडीनं श्वास घेतं, कातडी ओली लागते हे मी वाचलं होतं, म्हणूनच तर रोज पाणी शिंपडत होते, पण सालींमध्येच इतकं पाणी असतं की वरून घालायची गरजच नव्हती, आणि मधल्या फटी पाण्यानं भरल्या की आत हवा राहत नाही, मग सगळं कुजून वास सुटतो आणि ती बिचारी जीव वाचवायला वर चढतात. भूक नव्हतीच ती.

मग आपण दोघी फरशीवर बसून पेपर आणि पुठ्ठा फाडत बसलो, तुम्ही काडी घेऊन डब्याच्या तळाची बुजलेली भोकं एकेक करून मोकळी केलीत, लिंबाच्या सालींचा ढीग मुकाट्यानं बाजूला काढलात. जाताना सांगितलंत की झाकण उघडं ठेव आणि लाईट चालू राहू दे, गांडुळांना डोळे नसतात पण उजेड कळतो, ती खाली जातील. सकाळी उठून आधी डबा बघितला. एकही वर नव्हतं काकू.

त्यानंतर महिनाभर तुम्ही दर दोन-तीन दिवसांनी चक्कर मारलीत. गांडुळाला दात नसतात, आधी बुरशी आणि जिवाणू साल मऊ करतात मग ते खातं, हे तुम्ही कुजत आलेली केळ्याची साल हातात देऊन दाखवलंत. तेव्हापासून मी सालं बारीक कापून फ्रीजरमध्ये ठेवते, बाहेर काढून नरम पडली आणि थंडपणा गेला की मगच डब्यात. आणि किती टाकायचं तर सगळं सुरळीत चालू असेल तेव्हाही रोज त्यांच्या वजनाच्या निम्मं म्हणजे खूप झालं, नवीन डब्यात त्याहून कमीच. मी पाव किलो गांडुळांवर रोज अर्धा किलो ओतत होते! डबे विकणारे "काहीच करावं लागत नाही" असं लिहितात ना, ते लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे, नवीन माणूस त्यावर विश्वास ठेवतो आणि मरतात ती गांडुळं.

अंड्याची टरफलं वाळवून पीठ करायला तुम्हीच शिकवलंत, त्यानं आंबटपणा कमी होतो आणि त्याचे कण पोटात गेले की दळायलाही मदत होते. चिलटं झाली तेव्हा औषध मारू दिलं नाहीत, खाणं पुठ्ठ्याखाली नीट गाडायला लावलंत आणि हळूहळू गेली चिलटं.

पण सगळ्यात जास्त आभार त्या कोषांसाठी. पिवळट, लिंबाच्या आकाराचे ते इवलेसे दाणे मी कसल्यातरी किड्याची अंडी समजून फेकणार होते. तुम्ही एक तळहातावर घेऊन म्हणालात, "पिल्लं आहेत यात, एकाच्यातून दोन-तीन सुद्धा निघतात." काही आठवड्यांनी दोऱ्याच्या तुकड्यासारखी पांढुरकी पिल्लं दिसली, तेव्हा मी तुम्हाला पुन्हा रात्रीच फोन केला होता. तुम्ही तितक्याच आनंदानं खाली आलात.

परवा पहिल्यांदा खत काढलं. तुम्ही सांगितलं तसं लाईटखाली छोटे छोटे ढीग केले, वरचा थर काढायचा, गांडुळं खाली सरकेपर्यंत थांबायचं, परत वरचं काढायचं, अख्खी दुपार गेली पण मला उठावंसंच वाटत नव्हतं. काळंभोर, भुसभुशीत, आणि वास फक्त ओल्या मातीचा.

त्यातला पहिला डबा तुमच्या दारात ठेवलाय. कुंड्यांना घालायच्या आधी एकदा हात फिरवून बघा, मी बरेच कोष वेचलेत पण थोडे राहिले असतील, ते तुमच्या डब्यात टाका.

तुमची,
खालच्या मजल्यावरची