अतिशयोक्ती शिकवताना

संपादक महोदय,

इंदूरच्या मराठी मुलांना तिसरी-चौथीत अतिशयोक्ती शिकवताना व्याख्येने सुरुवात करू नये. आधी एक खरे, साधे वाक्य फळ्यावर लिहावे : ‘सराफ्यात जिलेबीसाठी मोठी रांग होती.’ यात काय ताणायचे? रांगेची लांबी. मुले हमखास म्हणतात, ‘रांग राजवाड्यापर्यंत गेली.’ पण सराफा या आमच्या रात्रीच्या खाऊबाजारापासून राजवाडा हाकेच्या अंतरावर आहे. वाचणाऱ्याला ते खरेच वाटेल. शक्यतेच्या आतली वाढ म्हणजे नुसती चुकीची माहिती. ‘रांगेचे शेपूट उज्जैनला पोचले’ म्हटले की कुणी फसत नाही, आणि गंमत येते. पुढे परिणाम जोडायला सांगावे : ‘आमचा नंबर येईपर्यंत बाबांची दाढी गुडघ्याला टेकली.’ दमडीच्या तेलाच्या जुन्या लोकपदाची खुबी हीच. एकेक पायरी चढत शेवटी त्या तेलात उंट पोहतो!

दोन चुका वारंवार होतात. ‘खूप खूप’, ‘लाखो’ लिहिले की काम झाले असे मुलांना वाटते (हिंदीतून आलेले ‘खूप सारे’ तर वहीभर असते). त्यातून चित्र उभे राहत नाही. दुसरी, उपमेशी गल्लत. ‘ताई हरणासारखी धावते’ ही उपमा; ‘ताई धावली आणि तिची सावली मागेच राहिली’ ही अतिशयोक्ती.

दहा ओळींत एकच अतिशयोक्ती पुरे. सहलीच्या वर्णनात ती खुलते, रजेच्या अर्जात नको. आणि कृपा करून अशा वाक्यांवर ‘असत्य’ म्हणून लाल रेघ मारू नये. मूल पुन्हा ‘खूप मजा आली’वर येते.

– प्राथमिक वर्गांचे मराठी शिक्षक, इंदूर