अण्णा, लिहायला घेतलंय

टूसॉन, ॲरिझोना
जुलैअखेर

ती. अण्णा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

अण्णा, दर फोनला तुमचं एकच पालुपद, "रोज चार ओळी तरी लिहीत जा." मी टाळत आले. मंगळवेढ्याच्या माणसानं कोरड्या मुलखाबद्दल आणखी काय लिहायचं? टँकरपुढे घागर धरून वाढलेल्या पोरीला ओसाड माळाचं कसलं कौतुक! शिकागोहून इकडे बदली झाली तेव्हा आई म्हणालीच होती, "दुष्काळातून सुटलीस, ती वाळवंटात जाऊन पडलीस." शिवाय वही उघडली की इथंच राहायचं ठरल्यासारखं झालं असतं, आणि मन त्याला तयार नव्हतं.

तरी वही उघडली. निमित्त झालं वेड्या बाभळीचं.

आपल्या ओढ्याकाठची वेडी बाभूळ मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. तिचीच एक जात इथं रानोमाळ आहे, मेस्कीट म्हणतात. पान, काटा, शेंग पाहिलीत तर तुम्ही लांबूनच ओळखाल. आपण तिला तोडून थकलो, कोळसा पाडला, शिव्या घातल्या. इथं शेजारच्या आजी पाऊस सुरू व्हायच्या आत वाळलेल्या शेंगा वेचतात, कारण ओल लागली की बुरशी धरते. त्या शेंगांचं पीठ दळून आणतात. मला वाटीभर दिलं. फिकट पिवळं, गुळमट वासाचं. ज्वारीच्या पिठात मूठभर घालून भाकरी थापली. त्यात साखर असल्यानं कडा लगेच करपतात, जाळ मंद ठेवावा लागतो. आई, तुझ्या हातची नव्हे, पण चांगली झाली. त्या रात्री मी पहिलं पान लिहिलं.

मग त्याच झाडांखाली बघायला लागले. इथला मोठा निवडुंग म्हणजे सग्वारो. चाळीस फुटांपर्यंत जातो, पण पहिल्या ८ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. उघड्यावर त्याचं रोप ऊन-थंडीत टिकत नाही, म्हणून मेस्कीटच्या नाहीतर पालो वर्दे नावाच्या झाडाच्या सावलीत वाढतं. पहिली फांदी फुटायला ५०-७५ वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. बहुतेक मुळं वीतभरच खोल, पण चहूकडे लांब पसरलेली, म्हणजे थोडासा पाऊसही सोडायचा नाही. खोडाला उभ्या चुण्या असतात, पाणी प्यालं की त्या फुगतात. पावसाआधी आणि पावसानंतर मी एकाच झाडाच्या चुणीत बोट घालून पाहिलं. आधी बोट आत जात होतं, नंतर नाही.

इथले मूळ रहिवासी तोहोनो ओऽधाम. जूनमध्ये वाळलेल्या सग्वारोच्याच कामट्या जोडून ते लांब काठी करतात आणि उंचावरची लाल फळं पाडतात. पाऊस येतो तिथून त्यांचं नवं वर्ष सुरू होतं. ओढ्याचं पाणी जिथं पसरतं त्या तोंडाशी ते शेत धरत आले, आणि तेपारी नावाची घेवड्यासारखी कडधान्यं एका-दोन पुरांवर पिकवत आले. अण्णा, मला तुमचे बांध आठवले. फरक इतकाच की इथं हे ज्ञान लोकांनी लिहून ठेवलंय, मुलं शाळेच्या सहलीत येऊन बघतात. आपलं सगळं तुमच्या डोक्यात आहे आणि तिथंच राहिलंय. खरं सांगते, हे मला फार लागलं.

पाऊस इथंही मोसमीच. १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतात. वर्षाकाठी जेमतेम २८० मिलिमीटर, म्हणजे आपल्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यातला साधारण निम्मा याच दिवसांत. दुपारी डोंगरावर ढग चढतात, धुळीची भिंत येते, आणि तासाभरात कोरडा ओढा मोटार वाहून नेईल इतका भरतो. आधी वास येतो, मातीचा नव्हे, क्रिओसोट नावाच्या झुडपाचा. पान चुरडलं की बोटं चिकट होतात आणि तो उग्र, औषधी वास बराच वेळ जात नाही.

तिकडे आता म्हातारा पाऊस चालू असेल. पडतोय का? आता माझं मागणं ऐका. रब्बीच्या ज्वारीला ओल पुरेल की नाही हे तुम्ही हातात माती घेऊन कसं ठरवता? "एक कोळपणी, अर्धं पाणी" म्हणता, तर भेगा बुजवायची शेवटची कोळपणी नेमकी कधी? बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी बियाणं कसं राखलं? दादाच्या पोराला फोनवर रेकॉर्ड करायला सांगा, उतरवून मी घेईन. वहीचा मागचा अर्धा भाग त्यासाठी कोरा ठेवलाय.

इथं घड्याळं पुढं-मागं करत नाहीत, त्यामुळे वेळ बारा महिने तीच. माझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तुमचे सकाळचे दहा. रविवारी रानातून लवकर या. आई, तू पण बस, बियाण्याचं गाडगं तूच लिंपायचीस, त्याचं तूच सांग.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
शैला