चहाच्या सुट्टीतल्या शिकवणीबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्यातून आपण निवृत्त झालात, त्या दिवशी सत्काराच्या गडबडीत जे बोलायचे राहून गेले, ते आज उघड पत्रातून लिहीत आहे. प्रशिक्षण विभागात बसणाऱ्या इतरांच्याही ते कामी यावे, एवढाच हेतू.

ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची चाचणी, म्हणजे ठिणगी पडण्याआधी ते किती व्होल्टेज सोसते हे पाहणे, मी वर्गात नेमाने शिकवत असे: २.५ मिलिमीटर अंतरावरचे इलेक्ट्रोड, सावकाश वाढवायचे व्होल्टेज, सहा नोंदी, त्यांची सरासरी. शिकाऊ मुले लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवत आणि चाचणीला बसली की तेच तेल एकाला चांगले, तर दुसऱ्याला खराब दिसे. त्यावर मी आणखी चार स्लाइड वाढवल्या. आपण मात्र मला चहाच्या वेळी त्या मुलांत नेऊन बसवलेत. तिथे एक जण दुसऱ्याला सांगत होता, की तेल काका ओततात तसे भांड्याच्या कडेने, धार न तोडता ओत आणि बुडबुडे बसेपर्यंत बटणाला हात लावू नकोस. माझ्या टिपणात ‘बुडबुडे नसावेत’ एवढेच होते.

त्याच चहावर भांडे कापडाने पुसून घेण्याची चुकीची सवयही पसरली होती, हेही आपणच दाखवलेत. कापडाचा एक बारीक तंतू तेलात राहिला तरी नोंद घसरते, म्हणून भांडे त्याच तेलाने विसळायचे असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात मूलभूत प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष काम हे दोन्ही आहेत, पण त्यांचा सांधा ज्याचा त्याने जुळवायचा. आपण तो जुळवून दिलात: आधी वर्ग, मग दोन दिवस जुन्या कारागिराशेजारी, आणि चहावर निघालेले प्रश्न घेऊन पुन्हा वर्ग.

मी उत्साहाने चहाच्या गप्पांचीही नोंदवही ठेवणार होतो. ‘वही आली की मुले चहा पितील, बोलणार नाहीत,’ असे म्हणून आपण मला थांबवलेत, त्याबद्दल विशेष आभार.

नवी तुकडी पुढल्या महिन्यात येत आहे. गुरुवारी चार वाजता चहाला अवश्य यावे. भाषण ठेवलेले नाही.

आपला कृतज्ञ,
प्रशिक्षण विभागातील एक सहकारी, बडोदे