गाडी लावताना उलटी लावा, काढताना सरळ काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पार्किंगवर तुमच्याकडे पत्रं नेहमीच येतात, जागा नाही, पे अँड पार्क नको, फुटपाथवर गाड्या, सगळं खरंच आहे, पण जागा मिळाल्यावर गाडी तिथे लावायची कशी यावर कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. म्हणजे तोंड आत घालून सरळ घुसवायची की रिव्हर्स घेऊन लावायची. आमच्या सोसायटीत सध्या यावरून ग्रुपवर रोज रात्री दहानंतर जुंपते. कमिटीने पार्किंगमध्ये पाटी लावलीय, 'सर्व वाहने भिंतीकडे तोंड करूनच लावावीत'. कारण काय तर सायलेन्सरच्या धुराने भिंती काळ्या होतात आणि तळमजल्यावाल्यांच्या खिडकीत धूर जातो. धुराचं मी पुढे बोलतेच, पण सरसकट सगळ्यांना असा नियम लावणं मला चुकीचं वाटतं, धोक्याचं वाटतं, आणि गंमत म्हणजे हा ठराव आणणाऱ्यातले निम्मे काका स्वतः मॉलमध्ये गेले की व्हॅलेवाल्याने गाडी उलटी लावलेली मस्त आयती सरळ काढून घेऊन येतात.

मुद्दा साधा आहे. रिव्हर्स तर कधीतरी एकदा घ्यावाच लागतो, एकतर येताना नाहीतर जाताना. मग तो येतानाच का घेऊ नये? येताना तुम्ही त्या जागेसमोरून नुकतेच हळू पुढे आलेले असता, ती रिकामी आहे, तिथे सायकल पडलेली नाही, मांजर झोपलेलं नाही, पिलर कुठे आहे हे सगळं आत्ता आत्ता डोळ्याने बघितलेलं असतं, आणि उलटं जायचं ते एका बंद चौकोनात जिथे मागून कुणी येणारच नाही. जाताना याच्या बरोब्बर उलट. गाडी रात्रभर उभी, दोन्ही बाजूला दोन उंच एसयूव्ही, मागच्या काचेवर दव नाहीतर पावसाचे थेंब, बेस मॉडेलला मागे वायपर नसतो, कॅमेऱ्यावर चिखलाचा ठिपका, आणि तुम्ही निघालाय सकाळी पावणेआठला जेव्हा स्कूलबस गाठायला मुलं दप्तरं घेऊन पळतायत, दूधवाला, पेपरवाला, कचऱ्याची बादली घेऊन मावशी. ड्रायव्हर बसतो गाडीच्या साधारण मधोमध, त्यामुळे मागचं निम्मं धूड रस्त्यात आल्याशिवाय डावीउजवीकडून काय येतंय ते त्याला दिसतच नाही. उलटी लावलेली गाडी असेल तर बॉनेट थोडं बाहेर काढलं की दिसायला लागतं, आणि समोरच्यालाही तुम्ही दिसता, हे लोक विसरतात.

आता कुणी म्हणेल सेन्सर आहेत की. आहेत. आपल्याकडे १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, चांगलंच झालं. पण आमच्याच पार्किंगमध्ये त्याआधीच्या अल्टो, स्विफ्ट, सँट्रो भरपूर उभ्या आहेत, त्यांना काय. आणि सेन्सर ओरडतो तो पाठीमागे जवळ काही आलं तर, बाजूने सायकलवर भुर्रकन येणारं पोरगं त्याला कळेपर्यंत ते बंपरपाशी असतं. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या कारना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि ज्या कायद्यातून ते आलं त्याला दोन वर्षांच्या एका मुलाचं नाव दिलंय, घराच्याच दारात वडील गाडी मागे घेत असताना ते पोर गाडीखाली आलं होतं. वडील निष्काळजी होते असं नाही, उंच गाडीच्या अगदी मागे उभं असलेलं एवढंसं पोर आरशात दिसतच नाही. इंग्लंडच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिकडच्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, तर सरळ लिहिलंय की घराच्या ड्राइव्हवेत जमलं तर उलटं आत जा आणि सरळ बाहेर या. तिकडचं आहे म्हणून बरोबर असं नाही म्हणत, पण कारण तेच आहे जे आमच्या बी विंगच्या खाली आहे.

दुसरी गोष्ट, लोकांना वाटतं सरळ घुसवणं सोपं. मोकळ्या मैदानात सोपं असेल. सोसायटीतली जागा असते साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, त्यात एका बाजूला पिलर, आणि समोरचा रस्ता बिल्डरने जेवढा वाचवता येईल तेवढा वाचवलेला. वळतात ती पुढची चाकं, मागची त्यांच्यामागे जातात पण आतून, जरा कोपरा कापत. त्यामुळे सरळ घुसताना तोंड बरोबर आत जातं आणि मागचा दरवाजा पिलरला लागतो. पार्किंगमध्ये फिरून बघा, ओरखडे कुठे आहेत ते, मागच्या दरवाज्याच्या खालच्या पट्टीवर आणि मागच्या चाकाच्या वर. आणि सरळ लावलेली गाडी मागे काढताना लोक घाईत अर्ध्यातच स्टिअरिंगची पूर्ण काट मारतात, मग पुढचा कोपरा बाहेर फिरतो आणि शेजारच्याची हेडलाईट जाते, ड्रायव्हर मात्र मान वळवून मागे बघत असतो, त्याला आवाज आल्यावरच कळतं. रिव्हर्समध्ये मागची चाकं हवी तिथे आधी बसवता येतात आणि मग पुढचं तोंड फिरवून गाडी सरळ करता येते, म्हणून कमी रस्त्यात गाडी बसते. टूरिस्टच्या इनोव्हावाल्यांना विचारा, एवढी लांब गाडी ते चिंचोळ्या जागेत उलटीच लावतात. हौस म्हणून नाही.

यावर आमच्या एका सभासदांनी एसटीचं उदाहरण दिलं, की बघा एसटी फलाटाला तोंड लावून उभी राहते आणि निघताना मागे घेतात, त्यांना काय कळत नाही? उदाहरण चांगलंय पण त्यांनी अर्धंच बघितलं. एसटी तोंडाने लागते कारण गावाची पाटी पुढे असते, लोक फलाटावर उभं राहून ती वाचतात. आणि निघताना कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहतो, शिट्टी वाजवतो, पत्र्यावर थाप मारतो, मग गाडी हलते. म्हणजे मागे बघणारा माणूस ठेवलाय. आपल्याकडे कोण आहे? वॉचमनकाका. ते बिचारे गेटवर रजिस्टर लिहीत असतात, आणि आलेच तर 'येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या' म्हणतात आणि 'बस' म्हणायच्या आधी ठप्प आवाज येतो.

आता विरुद्ध बाजूचं बोलते, कारण सगळीकडे उलटंच लावा असं माझं म्हणणं नाही. मॉलमध्ये किंवा सुपरमार्केटला ट्रॉलीभर किराणा घ्यायचाय आणि उलटी गाडी भिंतीला टेकवून लावली तर डिकी उघडता येत नाही, तिथे तोंड आत घाला, हरकत नाही, नाहीतर मागे जरा जागा सोडा. तिरके पट्टे आखलेले असतील आणि रस्ता वन-वे असेल तर ते पट्टे सरळ घुसण्यासाठीच आखलेत, तिथे उलटं घालायला जाणारा माणूस मागची सगळी रांग अडवतो आणि शिव्या खातो, खाव्यातच. घाटात, जिथे जागा दरीच्या कडेला आहे आणि कठडा नाही, तिथे दरीकडे पाठ करून रिव्हर्स अजिबात घेऊ नका, कुणी कितीही 'येऊ द्या' म्हणू दे. पण सिंहगडावर वरच्या पार्किंगमध्ये रविवारी पावसाळ्यात जाऊन बघा, सकाळी धुक्यात येऊन पटकन तोंड खुपसून पिठलंभाकरी खायला पळालेले लोक दुपारी निघताना काय करतात ते. मागून माणसं, कणसं, स्कूटर, छत्र्या यांची अखंड रांग, गाडी एक फूट मागे येते, थांबते, परत एक फूट, बायको खाली उतरून हात दाखवतेय, मुलं आतून ओरडतायत, चारी इंडिकेटर चालू. शेजारचा उलटी लावलेला तोपर्यंत घाट उतरायला लागलेला असतो.

हॉर्नचं एक आहे. रिव्हर्स लावायला घेतलं की मागचा हॉर्न वाजवतो, त्यामुळे नवीन शिकलेले, विशेषतः बायका, घाबरून सरळ घुसवतात हे मी बघितलंय. त्यावर उपाय म्हणजे जागेच्या आधीच इंडिकेटर द्यायचा, थोडं पुढे जाऊन रिव्हर्सचा पांढरा दिवा लागू द्यायचा आणि मग कुणाचं ऐकायचं नाही. तो वेळ काही जास्तीचा नसतो, सरळ घुसवणारा तोच वेळ निघताना खातो, तेव्हा दुसरा कुणीतरी हॉर्न वाजवतो एवढंच. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनीही जरा मनावर घ्यावं, टेस्टला ट्रॅकवर रिव्हर्स असतो पण तो 'आरशात हा खांब दिसला की पूर्ण काट, तो दिसला की सरळ' असा पाठ करून घेतात, लायसन मिळतं आणि घरच्या पिलरमध्ये माणूस अडकतो.

(दुचाकीवाल्यांनो, तुम्हालाही. रस्ता गटाराकडे उतरता असतो, तिथे बुलेट तोंडाने लावली की निघताना जवळजवळ दोनशे किलो चढावर मागे ओढायची असते. नव्या इलेक्ट्रिक स्कूटरपैकी काहींना रिव्हर्स मोड आलाय, बाकीच्यांनी आधीच मागचं चाक फुटपाथकडे करावं.)

राहिला धूर. तळमजल्यावाल्यांची तक्रार खरी आहे, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कुणी सकाळी एसी लावून पाच पाच मिनिटं गाडी चालू ठेवून फोनवर बोलत बसलं तर कुणीही चिडेल. जपानमध्ये लोक बहुतेक ठिकाणी गाडी उलटीच लावतात, पण जिथे मागे घरं किंवा झाडं आहेत तिथे तोंड आत करून लावा अशा पाट्या असतात. म्हणजे जिथे गरज आहे तिथेच. आमच्याकडे खिडक्या फक्त एका रांगेला आहेत, बाकीच्या दोन रांगांच्या मागे कंपाउंडची भिंत आहे, ती काळी झाली तर रंग देता येतो. शिवाय आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, त्यांना धूरच नाही आणि कुणाचं चार्जिंगचं तोंड पुढे तर कुणाचं मागे, एमजीच्या झेडएसचं समोर नाकावर, टाटाच्या नेक्सॉनचं मागे पेट्रोलच्या झाकणाच्या जागी. त्यांना भिंतीवरच्या पॉइंटला वायर पोचेल तसंच उभं राहावं लागणार. कमिटीची पाटी त्यांनी कशी पाळायची?

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यात मी लेखी विषय दिलाय. खिडक्यांच्या रांगेला तोंड भिंतीकडे आणि गाडी उभी असताना इंजिन बंद, बाकी दोन रांगांना उलटी लावायची, चार्जिंगवाल्यांना सूट, आणि वळणावरच्या पिलरला एक गोल आरसा, वर्गणीत सहज बसतो. इतर सोसायट्यांमध्ये काय नियम आहेत ते वाचकांनी कळवलं तर सभेत दाखवता येईल.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे